मूळपुरुषाची दोन पानं

१

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी थोरल्या आजोबांनी मूळपुरुषाची वही उघडली आणि अकराव्या मिनिटाला धाडकन मिटली. त्या एका मिनिटात त्यांचा चेहरा आधी पिठासारखा पांढरा झाला, मग लाल झाला आणि शेवटी उकडलेल्या बिटावर येऊन थांबला.

"चोरी!" सभाघराच्या काचा थरथरतील अशा आवाजात ते गरजले. "बारावं पान गेलं!"

शिडीवर चढून पडदा टांगणाऱ्या माणसाच्या हातून हातोडी निसटली. ती कुणाच्या डोक्यात पडली नाही, ही त्या दिवसातली पहिली चांगली गोष्ट. दुसरीसाठी संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागणार होती.

मूळपुरुष म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी या रानात सगळ्यात आधी राहायला आलेला माणूस. त्याच्या आधी इथे झाडं होती आणि डास होते. त्याच्यानंतर पोरं झाली, पोरांना पोरं झाली, आणि आता गावातला दर दुसरा माणूस त्याचा वंशज होता आणि उरलेल्या वंशजांशी भांडत होता. भांडण एकच. मूळपुरुषानं पहिला मुक्काम टाकला कुठे? टेकडीवरच्या घरांचं म्हणणं, टेकडीवर. नदीकाठच्या घरांचं म्हणणं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मूळपुरुषानं स्वतःच्या हातानं सोळा पानांची एक वही लिहून ठेवली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा, आणि पहिल्या पानावर कुठल्या पानात काय आहे त्याची यादी. बाराव्या पानासमोर लिहिलं होतं, 'पहिला मुक्काम, कुठे व का'. उद्या रविवारी कुळाचा मेळावा भरणार होता, वहीतलं पान न् पान मोठ्या पडद्यावर दिसणार होतं, आणि बारावं पान सांगेल तिथे दगड बसवायचा ठरला होता. दगड कोरूनही झाला होता. फक्त तो न्यायचा कुठे हे बाकी होतं.

"बघू, बघू," म्हणत गर्दीतून एक मुलगी पुढे घुसली. वय पंधरा. तिला खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत वापरलं जायचं. बाकी सगळे तिला भोचक म्हणत. आधी तिला याचा राग यायचा. पण गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिच्या लक्षात आलं होतं की भोचक असणं ही एक कला आहे आणि आपण त्यात भलत्याच पुढे आहोत.

तिनं वही ओढून घेतली आणि पानं मोजली. एक, दोन, तीन, चार, सहा.

"थोरले आजोबा, पाचवंपण नाहीये!"

"पाचव्याचं राहू दे गं!" थोरल्या आजोबांनी हात झटकला. "अकरा कोंबड्या आणि एक चावरी हंसीण, त्यांना कोण विचारतो? बाराव्याचं बोला!" बोलता बोलता त्यांना टेबलक्लॉथचा एक लोंबता धागा दिसला. एवढ्या संकटातही त्यांनी खिशातून घडीचा चाकू काढला, धागा मुळापासून कापला आणि मगच पुढचं वाक्य उच्चारलं. "वही ठेवतात त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली कुणाकडे असते ते सगळ्यांना माहीत होतं. मागच्या खुर्चीवर बसलेले भोचकचे आजोबा, म्हणजे थोरल्या आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ, हळूच उठून उभे राहिले. भिंग त्यांच्या गळ्यात होतं आणि किल्ली त्याच दोरीला.

"माझ्याकडे असते, दादा."

"आणि गेल्या महिन्यात तूच म्हणालास ना, की मुक्काम टेकडीवर असेल असं तुला वाटत नाही?"

"वाटत नाही म्हणालो. नव्हता असं कुठे म्हणालो?"

"संध्याकाळी पाच वाजता कुळाची बैठक," थोरले आजोबा म्हणाले. "तोवर पान आलं तर ठीक. नाही आलं, तर कुळाचा इतिहास तू लिहायचा नाहीस. तुझं नाव त्यावर लागणार नाही. बाड आणून टेबलावर ठेव."

आजोबा बारा वर्षं तो इतिहास लिहीत होते. ते दाराकडे निघाले, आणि जाताना रोजच्या सवयीनं दार हळू लावायचं ते त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

दार धाडकन आपटलं, आणि भोचकच्या डोक्यात काहीतरी पेटलं.

२

आजोबांच्या खोलीत बसायला जागा नसायची, कारण खुर्चीवर जन्मनोंदी असत, पलंगावर जमिनीचे नकाशे, आणि खिडकीत त्यांनी स्वतः काढलेली वंशावळ, जिला आजी जिवंत असेपर्यंत 'जळमट' म्हणायची. आज आजोबा ते सगळं खोक्यांत भरत होते.

"हे काय चाललंय?"

"आवरतोय. पाच वाजता धावपळ नको."

"आजोबा, तुम्ही घेतलंत का पान?"

आजोबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"विचारावं लागतं," ती घाईघाईनं म्हणाली. "तपास करणाऱ्यानं घरच्यांपासून सुरुवात करायची असते. आता तुम्ही यादीतून बाद. पण मला सांगा, बाराव्या पानावर काय होतं?"

"मला काय माहीत? मी चौथ्यापर्यंत आलोय."

"काय? वही आठ दिवस तुमच्याकडे आहे!"

"एक पान उतरवून झाल्याशिवाय मी पुढचं वाचत नाही," आजोबा ताठ मानेनं म्हणाले. "पुढचं ठाऊक असलं की हात त्याच्या सोयीचं लिहायला लागतो. शिवाय मूळपुरुषाचं अक्षर तू पाहिलंयस. पावसात भिजलेल्या मुंग्यांची रांग. एका ओळीला अर्धा तास लागतो. ते अक्षर लागणारा या गावात मी एकटा."

हे खरं होतं. पहिल्या पानावरची यादीसुद्धा आजोबांनी लावून दिली होती म्हणून सगळ्यांना कळली. भोचकनं आजोबांनी उतरवून ठेवलेली वहीची नक्कल उघडली. पाचव्या पानासमोर एकच शब्द होता, 'जनावरे'. बस्स.

"किल्ली कधी कुणाला दिली होतीत?"

"कुणालाच नाही." आजोबा थांबले. "म्हणजे, गुरुवारी दादाला दिली, दहा मिनिटं. वहीसाठी काचेची पेटी करायचीय, तिचं माप घ्यायला. आणि काल फोटोवाल्याकडे मीच घेऊन गेलो होतो, मुखपृष्ठाचा फोटो काढायला. तिथे मी समोरच होतो. मध्ये एकदा त्याच्यासाठी स्टूल आणायला बाहेर गेलो, तेवढंच."

"म्हणजे दोन माणसं. आणि मेळाव्यासाठी बाहेर काढेपर्यंत साठ वर्षं वही ज्यांच्या माळ्यावर होती त्या आत्याआजी. तीन संशयित!" भोचकच्या आवाजात नको इतका आनंद होता, हे तिला स्वतःलाही जाणवलं. तिनं तोंड गंभीर केलं. "खोकी भरू नका. पाचला अजून सहा तास आहेत."

आजोबांनी वंशावळीची गुंडाळी केली आणि तिला दोरी बांधली. गाठ घट्ट मारली, सोडायची नसल्यासारखी.

"तू जेवून घे," ते म्हणाले. "मी आता थकलो गं. बारा वर्षं मी मेलेल्या माणसांचं खरं-खोटं करत बसलो, आणि जिवंत माणसांना माझं खरं वाटेना."

भोचक जेवली नाही. तिनं आजोबांचं भिंग उचललं आणि तशीच नदीकडे धावली.

३

आत्याआजी म्हणजे आजोबांची चुलतबहीण. नदीकाठच्या घरांत तिच्या शब्दाशिवाय पानही हलत नसे. ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि प्रत्येक कपडा झटकताना कुणाच्या तरी थोबाडीत मारल्यासारखा आवाज काढत होती.

"आलीस? वाटच बघत होते. विचार, मी पान खाल्लं का ते विचार!"

"आत्याआजी, मी तसं काही..."

"टेकडीवरची आहेस ना, मग तसंच." फट्! एक चादर झटकली गेली. "अगं, साठ वर्षं ती वही माझ्या माळ्यावर होती. पेटीत. पेटीवर पिठाचे डबे. मला पान काढायचं असतं तर साठ वर्षांत मला एक दुपार मिळाली नसती? आख्खी वहीच चुलीत घातली असती आणि वर पाणी तापवलं असतं!"

भोचकला हे एकदम पटलं. तिनं मनातल्या यादीतून आत्याआजीला खोडलं.

"तुम्ही ती कधी उघडली होती?"

"कधीच नाही. आम्हाला लहानपणी हात लावायची सक्त बंदी होती. आमच्या आजीचा रट्टा खाल्लाय कधी? मग बोलू नकोस. मी, तुझे आजोबा, तुझे थोरले आजोबा, सगळ्यांना एकच दम. तुझे थोरले आजोबा तर काय, आदर्श बाळ! 'मी पूर्वजांच्या वहीकडे नजर वर करूनसुद्धा पाहिलं नाही,' हे ते दर मेळाव्यात सांगतात. ऐकून ऐकून माझे कान किटले." आत्याआजीनं चिमटा लावला आणि आवाज खाली आणला. "तुझ्या आजोबांनी नाही घेतलं हं पान. माझ्याशी जन्मभर भांडलाय, पण एकदाही खोटं भांडला नाही. जा, हे त्या बैठकीत मी बोलेन. पण माझं ऐकतंय कोण? त्यांना पान पाहिजे."

निघताना भोचकनं वहीबद्दल शेवटचा एक प्रश्न विचारला. "ही बांधली कुणी होती?"

"मूळपुरुषानंच शिवलीय सुईदोऱ्यानं. पण शिवणीतलं काही कळायला हवं असेल तर बांधणीवाल्या मावशीकडे जा. कागदाच्या पोटातलं तिला कळतं."

४

बांधणीवाल्या मावशीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. तिथे खळीचा वास, कातरणांचा ढीग, आणि मध्ये एक लोखंडी दाबयंत्र, ज्याच्या दांड्यावर मावशी बोलताना लोंबकळत असे. तिच्या दोन्ही अंगठ्यांवर खळ इतकी वाळली होती की तिनं टाळी वाजवली तर लाकडावर लाकूड आपटल्यासारखं वाटे.

दुपारी दुकान बंद असे, म्हणून पावणेचारपर्यंत भोचक पायरीवर ताटकळली होती. तिनं सभाघरातून वही आणली होती. म्हणजे मागून आणली होती. म्हणजे कुणी नाही म्हणायच्या आत आणली होती.

"मावशी, दोन चोर आहेत. एकानं पाचवं नेलं, एकानं बारावं. पण एकाच वहीतली दोन पानं दोन वेगवेगळ्या चोरांनी एकाच आठवड्यात न्यावीत, हे जरा जास्तच होतं ना?"

मावशीनं वही उघडली, बोट मधल्या घडीवरून फिरवलं आणि फक्त "हं" म्हणाली.

"हं म्हणजे?"

"पाचवं कापलंय. पातळ पात्यानं, अगदी मुळापासून, आतल्या घडीत. बाराव्याला पातं लागलेलंच नाही. ते सुटलंय."

"सुटलंय? पान सुटेल कसं?"

"तुझी शाळेची वही दे." मावशीनं भोचकच्या वहीतले आठ कोरे जोडकागद टराटरा काढले. गणिताची होती म्हणून भोचकनं हरकत घेतली नाही. मावशीनं ते आठही कागद मधोमध दुमडून एकात एक घातले. "याला आम्ही जुज म्हणतो. आठ कागद, दुमडले की पानं किती?"

"सोळा."

"मधल्या घडीतून दोरा घातला की झाली वही. आता आकडे घाल."

भोचकनं एक ते सोळा आकडे घातले. मावशीनं पाचवं पान धरलं, चाकूचं टोक घडीत घातलं आणि सर्रकन ओढलं. पान हातात आलं. मग तिनं वही उभी धरून हलवली.

दुसऱ्या बाजूनं एक पान अलगद घसरलं आणि फरशीवर पडलं. कोपऱ्यात आकडा होता बारा.

भोचकचा आ वासलेलाच राहिला. तोंडात माशी जायच्या बेतात होती तेव्हा तिनं ते मिटलं.

"एकच कागद! पाचवं आणि बारावं हे एकाच कागदाचे दोन हात!"

"अर्धा कापलास की उरलेल्या अर्ध्याला धरायला दोराच राहत नाही. बोटभर पट्टी सोडून कापलं असतं तर बारावं जागेवर राहिलं असतं. आळशी माणूस पट्टी सोडतो. हे काम नीटनेटक्या माणसाचं आहे. कापल्याची खूणही दिसायला नको असं वाटणाऱ्याचं." मावशी दांड्यावर लोंबकळली. "आणि त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल की आपण जोडीदाराचा गळा कापलाय."

म्हणजे चोर एकच होता. आणि बारावं पान कुणाला नकोच होतं! साऱ्या कुळानं सकाळपासून ज्या पानावरून एकमेकांच्या उरावर बसायची तयारी केली, ते नुसतं घसरून पडलं होतं. चोराला पाहिजे होतं ते पाचवं, कोंबड्याबकऱ्यांचं.

भोचक दुकानाच्या पायरीवर आली आणि थबकली. पहिल्या पानावरच्या यादीत पाचव्यासमोर फक्त 'जनावरे' होतं. वही साठ वर्षं पिठाच्या डब्यांखाली होती. आजोबा चौथ्या पानावर होते. मग पाचव्या पानावर कोंबड्या किती होत्या, हे आज सकाळी एका माणसाला माहीत कसं होतं?

त्या माणसासमोर उभं राहून हे बोलायचं म्हणजे वक्तृत्व स्पर्धेपेक्षा फारच अवघड काम होतं.

पण आधी बारावं पान. घड्याळात सव्वाचार झाले होते.

५

"हसा!" दुकानात पाऊल टाकताच फोटोवाला म्हणाला. तो सगळ्यांनाच असं म्हणे. एकदा म्हणे त्यानं ओळखपत्राच्या फोटोला आलेल्या हवालदारालाही गुदगुल्या केल्या होत्या.

"मी फोटोला नाही आले. काल आजोबांच्या वहीचा फोटो काढलात ना, तेव्हा वही आडवी होती की उभी?"

"उभी! आडव्या वहीत काय रुबाब? मी तिला जरा उघडून उभी केली, राणीसारखी. दोनदा पडली. तिसऱ्यांदा हसली."

"वही हसली?"

"तुम्हाला नाही कळायचं ते," फोटोवाला दुःखी होत म्हणाला. "पण हे बघा, मी पान-बिन घेतलेलं नाही. सकाळपासून चार जणांनी मला चोर म्हटलं, त्यातल्या दोघांच्या लग्नाचे फोटो मी काढलेत. दोघंही त्यात माझ्या मेहनतीमुळे बरे दिसतात."

"तुम्ही नाही घेतलंत. पण वहीच्या खाली काय अंथरलं होतं?"

"काळं मखमली कापड. ते मी लगेच गुंडाळून ठेवतो, धूळ बसते ना."

"उलगडा."

"आत्ता? पावणेपाचला गिऱ्हाईक..."

"काका," भोचक म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की फोटोवाल्यानं मुकाट्यानं फळीवरची गुंडाळी काढली आणि काउंटरवर सोडली. कापड उलगडत गेलं, उलगडत गेलं, आणि शेवटच्या वेढ्यातून एक पिवळट कागद घसरत येऊन थेट तिच्या पुढ्यात थांबला. कोपऱ्यात बारा.

फोटोवाला खाली बसला. "आईशप्पथ," तो म्हणाला. "रात्रभर मी त्याच्या शेजारी झोपलो होतो."

भोचकनं कागदावर भिंग धरलं. भिजलेल्या मुंग्या. एक अक्षर लागेना. तिनं तो वहीत ठेवला, वही छातीशी धरली आणि जी पळत सुटली ती वाटेत एका सायकलवाल्याला मागे टाकूनच गेली.

६

पाचला दोन मिनिटं होती. सभाघरात कुळातली दहाबारा म्हातारी माणसं बसली होती आणि टेबलावर आजोबांचं बाड होतं, दोरी बांधलेलं. बाडाचे कोपरे थोरले आजोबा एका रेषेत करत होते.

"थांबा!" भोचक म्हणाली. धाप लागली होती, म्हणून ते "थ-ब-अ" असं काहीतरी झालं, पण सगळ्यांनी वळून पाहिलं.

तिनं वही टेबलावर ठेवली आणि मावशीनं बनवलेली सोळा पानी वही तिच्या शेजारी. मग तिनं सगळं करून दाखवलं, पाचवं काढलं की बारावं कसं घसरतं ते. मग तिनं काळ्या कापडाची गोष्ट सांगितली. आणि मग खरं बारावं पान वर धरलं. टेकडीवरच्यांनी आणि नदीकाठच्यांनी पहिल्यांदाच एका सुरात "आँ!" केलं.

"म्हणजे चोर नाहीच कुणी!" एक काकू म्हणाल्या.

"आहे ना. पाचव्याचा आहे." भोचकनं टेबलाची कड धरली. "ज्यानं गुरुवारी दहा मिनिटांसाठी किल्ली घेतली. ज्याच्या खिशात नेहमी धारदार चाकू असतो आणि ज्याला एक लोंबता धागाही सहन होत नाही. आणि ज्यानं लहानपणापासून या वहीकडे नजर वर करूनसुद्धा पाहिलं नाही, तरी ज्याला माहीत आहे की पाचव्या पानावर अकरा कोंबड्या होत्या आणि एक चावरी हंसीण."

सगळ्या माना थोरल्या आजोबांकडे वळल्या.

"थोरले आजोबा," भोचक हळूच म्हणाली, "पान द्या ना."

थोरले आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पण त्या क्षणी कुणी त्यांना पाहिलं असतं तर नऊ सांगितलं असतं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पारदर्शक पिशवी काढली. तिच्यात पाचवं पान होतं, चारही कडांनी सारखा समास सोडून ठेवलेलं.

"जाळणार होतो," ते पुटपुटले. "पण पूर्वजांचं पान जाळणार कसं?"

आत्याआजीनं ते त्यांच्या हातून काढून घेतलं. मूळपुरुषाच्या मुंग्यांसारख्या प्रत्येक ओळीपुढे निळ्या शाईत, गोल गोल, शाळकरी अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ते वाचायला भिंग लागत नव्हतं. आत्याआजीनं भोचकच्या आजोबांना ओढून शेजारी उभं केलं.

"तू मूळपुरुषाचं वाच. मी निळं वाचते."

आजोबांना नाही म्हणायचं होतं. पण पान पुढे आलं की त्यांचे डोळे आपोआप कामाला लागत.

"'खेचर एक,'" ते वाचू लागले. "'अडेल. मारले तरी हलत नाही.'"

"'आमचे बाबा,'" आत्याआजीनं निळं वाचलं.

मागे एक म्हातारे गृहस्थ फस्सकन हसले.

"'कोंबड्या अकरा. दिवसभर ओरडतात, अंडी मात्र चार.'"

"'शाळेच्या बाई.'"

"'हंसीण एक. चावरी. पाहुण्यांच्या मागे लागते.'"

आत्याआजी थांबली. चष्म्यावरून तिनं थोरल्या आजोबांकडे पाहिलं. "'नदीवरची टोचरी,'" तिनं वाचलं. "टोचरी? मी टोचरी? तेव्हा मी सात वर्षांची होते रे!"

"तू माझी पाटी फोडली होतीस," थोरले आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले.

"'बैल एक,'" आजोबा पुढे गेले. "'दिसायला देखणा.'"

"'मी!'" आत्याआजी ओरडली. "पुढे उद्गारचिन्हसुद्धा आहे!"

"'कामाला मंद,'" आजोबांनी ओळ पुरी केली, "'खायला पुढे.'"

मग काही आवरलं नाही. काकू पदरात तोंड लपवून हसल्या, म्हातारे गृहस्थ काठीवर कपाळ टेकून हसले, आणि आत्याआजी इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. "देखणा बैल! अरे, पुढची ओळ तरी लावायची!"

"सुट्टीभर डोळे फोडून मला तेवढीच लागली होती," थोरले आजोबा म्हणाले. आणि मग, हसू जरा ओसरल्यावर, "उद्या दोनशे माणसांसमोर हे पडद्यावर येणार होतं. मी दर वर्षी सांगतो की वहीकडे पाहिलं नाही. मला वाटलं, एक पान गेलं तर काय बिघडतं. मूळपुरुष मोजताना चुकला म्हणू. सकाळी माझं काम नीट झालंय का तेवढं बघायला वही उघडली, तर बारावं गायब. मला खरंच वाटलं, दुसराही कुणी चोर आहे."

"आणि तो मी," आजोबा म्हणाले.

काकूंनी तोंडावरचा पदर काढला.

"बारा वर्षं, दादा. एवढ्या वर्षांत तुला एकदा तरी वाटलं का की मी एक ओळ इकडची तिकडे करेन?"

थोरल्या आजोबांनी बाडाची दोरी सोडायला घेतली. गाठ घट्ट होती. खिशात चाकू होता, पण तो त्यांनी काढला नाही. नखांनी बराच वेळ ते ती गाठ सोडवत राहिले. सुटली तेव्हा बाड त्यांनी दोन्ही हातांनी धाकट्या भावापुढे सरकवलं.

"चुकलो," ते म्हणाले. "उद्या पडद्यावर पाचवंही दाखव. निळ्या शाईसकट. मी स्वतः उभा राहून सांगेन."

आजोबांनी बाडाला हात लावला नाही. "दाखवा तुम्ही. मला आता नाही लिहायचं. मन उडालं." आणि ते दाराकडे वळले.

चोर सापडला होता, पान सापडलं होतं, तिचं सगळं बरोबर आलं होतं, आणि तरी आजोबा निघाले होते. हे कुठल्या तपासात बसतं?

तिच्या हातात बारावं पान तसंच होतं. ती धावत दारात जाऊन उभी राहिली.

"एवढं वाचून जा."

"नाही. अजून सहावं व्हायचंय, सातवं व्हायचंय..."

"तुम्ही तर लिहिणार नाही म्हणालात! मग नियम कसला? लिहिणाऱ्याला असतो नियम."

या पोरीला वक्तृत्वाचं बक्षीस देणारे परीक्षक नेमके कोण होते, असा विचार आजोबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

"वाच!" आत्याआजी म्हणाली. "वाच रे," थोरले आजोबा म्हणाले. टेकडी आणि नदी एकाच वेळी एकच गोष्ट मागत होत्या, हे बहुधा दीडशे वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

आजोबांनी भिंग घेतलं. पहिल्या ओळीला वेळ लागला. दुसरीला त्याहून जास्त. मग त्यांचे ओठ हलायचे थांबले.

"काय आहे? टेकडी?"

"नदी?"

आजोबांनी घसा साफ केला.

"'आम्ही येथे राहण्यास आलो नव्हतो,'" ते वाचू लागले. "'आम्हास पुढे जायचे होते. वाटेत गाडीमागून चालणारी बायको खाली बसली व म्हणाली, पाय भरून आले, मी आता एक पाऊल टाकणार नाही. मी टेकडी दाखवली. म्हणाली, चढणार नाही. मी नदी दाखवली. म्हणाली, उतरणार नाही. तीन दिवस मी बैल जुंपून बसलो. चौथ्या दिवशी तिने कुदळ मागितली. मी दिली. पहिला खड्डा तिने खणला, मी बघत होतो. पुढे लोकांस मी सांगत आलो की जागा मी निवडली. ते खोटे आहे. येथे दुरुस्त करतो.'"

थोरले आजोबा म्हणाले, "म्हणजे दगड..."

"टेकडीवर नाही आणि नदीवरही नाही," आत्याआजी म्हणाली. "मध्ये कुठेतरी. जिथे बाईचा धीर संपला तिथे." आणि लगेच दोघांचं, मध्ये म्हणजे रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे, यावरून जुंपलं.

भोचकचं तिकडे लक्ष नव्हतं. आजोबा अजून पानावर वाकलेले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना फार आनंद झाला की असंच होई.

"बारा वर्षं," ते स्वतःशीच म्हणाले. "बारा वर्षं मी चुकीच्या माणसाचा इतिहास लिहितोय. आणि म्हणे मन उडालं! पेन आण गं. दोन आण."

त्यांनी खुर्ची ओढली, बाडातला पहिला कागद काढला, त्यावरचं सगळं एका रेघेत खोडलं, आणि उलट्या बाजूला, सगळ्या गोंगाटात, सुबक अक्षरात लिहिलं:

'आपल्या गावाचा मूळपुरुष एक बाई होती. तिचे पाय दुखत होते.'